किल्ली नसलेलं दार

कस्तुराबाई कोळेकर कुठलीही वस्तू घरात घेण्याआधी उलटी करून बघत. ताट असो, टॉर्च असो, नाहीतर पायताण. ही सवय मेंढरांमुळे लागलेली. माहेर मंगळवेढ्याच्या पलीकडचं, वडिलांचा शंभर-सव्वाशे मेंढरांचा कळप. बाजारात मेंढी घेताना वडील आधी तिचा ओठ वर करून दात बघायचे, मग खूर, मग पोटाखाली हात घालून कास चाचपायचे, आणि विकणारा काय सांगतोय ते सगळ्यात शेवटी ऐकायचे. कस्तुराबाई तेव्हा परकरात होत्या, पण बघण्याची ही पद्धत त्यांच्या हाडात गेली.

लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या. नवरा बिरप्पा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या मागं दोन खोल्यांचं घर. मेंढरं नाहीत, रान नाही, दिवस जाता जात नाही, म्हणून कारखान्याजवळच्या खानावळीला भाकरी थापून द्यायला लागल्या, त्याला बत्तीस वर्षं झाली. ज्वारीचं पोतं आलं की पाच दाणे दाताखाली फोडून बघायच्या. एकदा घरी मिक्सर आला. त्यात शेंगाची चटणी केली तर खाली तेलकट गोळा आणि वर अख्खे शेंगदाणे. कस्तुराबाई ती चटणी ताटलीत घेऊन तशाच दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "खावा की. तुमी खाऊन दावा, मग मी मिक्सर ठिवते." दुकानदारानं चव घेतली, मान हलवली आणि भांडं बदलून दिलं. त्या दुकानदाराला कस्तुराबाई आजही चांगला माणूस म्हणतात.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की बाई जुन्या वळणाच्या, त्यांना नवं काही नको. तसं नव्हतं. गॅस आला तेव्हा गल्लीत पहिली शेगडी त्यांची होती. मुलगी सोनाली इंजिनिअर झाली तीही भाकऱ्यांच्या जोरावर. कस्तुराबाईंचं म्हणणं एवढंच, की वस्तूनं सांगितलेलं काम करावं, आणि नाही केलं तर का नाही केलं ते विचारायला समोर एक माणूस असावा.

गेल्या पौषात बिरप्पांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. सोनाली पुण्याहून धावत आली, तीन आठवडे राहिली, रजा संपली तशी डोळे पुसत परत गेली. आणि मग पुण्याहून खोकी यायला लागली.

पहिल्या खोक्यात मनगटावर बांधायचं घड्याळ होतं. ते म्हणे छातीचे ठोके मोजतं, पावलं मोजतं. बिरप्पांच्या हाताला त्याच्या पट्ट्यानं पुरळ उठलं, म्हणून सोनालीच्या आग्रहानं कस्तुराबाईंनी ते एक दिवस घातलं आणि नेहमीसारख्या परातीपुढं बसून साठ भाकऱ्या थापल्या. उठताना घड्याळ थरथरलं. चन्नप्पांनी चष्मा लावून वाचून दाखवलं: शाब्बास, आज तुम्ही आठ हजार पावलं चाललात.

चन्नप्पा म्हणजे शेजारी. यंत्रमागावर जॉबर होते, माग बिघडला की दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खिशात पाना असायचा.

"मी बसल्या जाग्याची हलले न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "हे असलं खोटं बोलणारं डाक्टरला दावायचं व्हय?"

दुसऱ्या खोक्यात बोलणारा डबा आला. त्याला तोंडी सांगितलं की दिवा लावतो, पंखा लावतो, फोन लावतो. बाबांना उठावं लागणार नाही म्हणून सोनालीनं मुद्दाम घेतलेला. सोनाली फोनवरून बोलली की डबा मुकाट्यानं ऐकायचा. कस्तुराबाईंनी "दिवा लाव की" म्हटलं की "माफ करा, मला समजलं नाही" म्हणायचा. आणि बिरप्पांचं तर काहीच नाही. ते जड जिभेनं मोठ्या कष्टानं "पं...खा" म्हणायचे आणि डबा गाणं लावायचा. तिसऱ्या दिवशी बिरप्पा त्याच्यापुढं तोंडच उघडेनात. ज्याच्यासाठी आणला त्यालाच हा गप्प करतोय, हे बघून कस्तुराबाईंनी वायर काढली आणि डबा ज्वारीच्या कोठीवर उपडा घातला.

"आई, तू त्याला शिकायला वेळच देत नाहीस," सोनाली फोनवर म्हणाली.

"त्येला शिकवू, का तुझ्या बापाला बोलायला शिकवू? दिवसाला माजं दोनच हात हायेत."

तिसऱ्या खोक्यात कॅमेरा. तो बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात बसला. सोनाली पुण्यातल्या ऑफिसात बसून बापाला बघणार, बोलणार. कस्तुराबाईंनी तो बसू दिला. पोरीचा जीव तुटतो, हे त्यांना कळत होतं. पण चार दिवसांत फोन यायला लागले. आई, हा चौथा चहा. आई, बाबांची उशी सरकलीय. आई, तू दुपारची झोपली का नाहीस? कस्तुराबाईंना आपल्याच घरात पदर सावरून बसायची पाळी आली. बिरप्पांचं अंग पुसायच्या वेळी तर त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायच्या आणि काम झालं की काढायच्या. निदान आठवण राहिली तर काढायच्या.

आणि चैत्र संपता संपता कुलूप आलं.

कुलूप बसवायला कंपनीनं महेश्वर नावाचा माणूस पाठवला. चाळिशीचा, घामाघूम, दिवसातलं सहावं घर. त्यानं दाराची कडी काढली, कोयंडा काढला, जुनं कुलूप काढलं आणि तिथं काळी, चकचकीत, वीतभर लांबीची पट्टी बसवली. बोट टेकवा, उघडतं. आकडे दाबा, उघडतं. कार्ड दाखवा, उघडतं. पुण्यातून फोनवरूनही उघडतं. दार ओढलं की आपोआप बंद.

"किल्ली कुटं घालायची?" कस्तुराबाईंनी पट्टी वरून खालून चाचपत विचारलं.

"या मॉडेलला किल्ली नाही, मावशी."

"आन् सेल संपलं तर?"

"महिनाभर आधी सांगतं ते."

"आन् तेच बिगडलं तर?"

"बिघडत नाही, मावशी. परदेशी आहे."

कस्तुराबाईंनी चन्नप्पांकडं बघितलं. चन्नप्पांनी चाळीस वर्षं परदेशी आणि देशी दोन्ही माग उघडून बघितले होते. त्यांनी नुसतं नाक खाजवलं.

मग बोटं घ्यायची वेळ आली. उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं, लाल दिवा. पुसून टेकवलं, लाल. महेश्वरनं ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं, खोबरेल लावून बघितलं. दहाही बोटं झाली. शेवटी त्यानं कस्तुराबाईंचा हात उजेडात धरला आणि बारकाईनं बघितला.

"मावशी, रेषाच नाहीत. घासून गेल्यात."

बत्तीस वर्षं परातीत पीठ रगडून आणि तव्यावरची भाकरी बोटानं फिरवून त्या रेषा गेल्या होत्या. महेश्वर सहज बोलून गेला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण कस्तुराबाईंनी हात ओढून घेतला आणि पदराखाली धरला. ज्या बोटांनी हे घर उभं केलं, त्यांनाच या दारात ओळख नव्हती.

मग कार्ड ठरलं. ते त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. सोनालीनं आपल्या फोनवर कुलपाची नोंद केली, कारण नोंदीला इमेल लागतो आणि कस्तुराबाईंना तो नव्हता. म्हणजे घर कस्तुराबाईंचं, दार कस्तुराबाईंचं आणि कुलपाच्या हिशेबी मालकीण पुण्यात.

महिनाभर कुलूप सुतासारखं सरळ वागलं, हे इथं सांगायलाच हवं. कस्तुराबाईंनीही ते कबूल केलं. तरी दार उघडं असलं की त्या उंबऱ्यावर एक वीट लावून ठेवायच्या.

वैशाखातला तो दिवस पाण्याचा होता. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी येतं, आणि ते येतं तेव्हा माणसानं हातातलं टाकून धावायचं असतं. दुपारी साडेतीनला गल्लीत कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" बिरप्पा बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून होते. आत गॅसवर कुकर होता, डाळीचा. नुकतीच एक शिट्टी झालेली. अजून दोन शिट्ट्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात पाइप जोडून येऊ म्हणून कस्तुराबाई बाहेर गेल्या. वीट लावायचं त्या दिवशी नेमकं राहिलं.

त्यांनी हौदाचं झाकण सरकवलं, पाइप आत सोडला, आणि तेवढ्यात गल्लीतून गरम वाऱ्याचा झोत आला. दार धाडकन लागलं. कुलपानं टिक केलं.

त्या घाबरल्या नाहीत. कार्ड गळ्यात होतं. ते पट्टीला टेकवलं. हिरवा दिवा नाही, लाल दिवा नाही. निळा दिवा गोल गोल फिरत होता. कार्ड पुसून टेकवलं. निळा दिवा फिरतच होता. मग पट्टीतून एका बाईचा गोड आवाज इंग्रजीत काहीतरी बोलला.

"चन्नप्पा मामा! अवो हिकडं या जरा!"

चन्नप्पा बनियनवरच आले. त्यांनी कान लावला. "अपडेट चालूय म्हणायलाय, अक्का."

"म्हंजे?"

"म्हंजे कुलूप सुधारायलंय. आदीपेक्षा चांगलं हुयायलंय. तवर थांबा म्हणायलंय."

"माज्या दारात? मला न इचारता?"

आतून दुसरी शिट्टी झाली.

कस्तुराबाईंचा फोन आत चार्जिंगला होता. पण सोनालीचा नंबर त्यांना पाठ होता. नंबर फोनमध्ये ठेवण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. चन्नप्पांच्या फोनवरून लावला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा सोनालीनं उचलला. "कोण? आई? मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

कस्तुराबाईंनी सांगितलं. पलीकडून भराभर बोटं चालवल्याचा आवाज आला. "अपडेट चालू आहे आई. एक्केचाळीस टक्के झालंय. मी इथून थांबवू शकत नाही. तोवर आकडे, कार्ड, आतली मूठ, काहीच चालत नाही. अगं, मला सकाळी विचारलं होतं त्यानं, अपडेट करू का म्हणून, मी घाईत हो म्हणाले... दुपारचं करेल असं वाटलं नव्हतं."

"त्येनं तुला इचारलं?"

"हो. माझ्या नावावर आहे ना ते."

कस्तुराबाईंनी दात आवळले. "बाप आत हाय. कुकर गॅसवर हाय."

"थांब, मी कॅमेऱ्यातून बघते. आई... सगळं पांढरं दिसतंय. आई, टॉवेल! कॅमेऱ्यावर टॉवेल आहे!"

सकाळी बिरप्पांचं अंग पुसलं होतं. टॉवेल काढायचा राहिला होता. आता यात चूक आपली, हे कस्तुराबाईंना लख्ख कळलं आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या. "मग काय त्येला जनमभर उगडाबागडा दाखवू?"

तिसरी शिट्टी.

चन्नप्पांनी दाराच्या बिजागऱ्या बघितल्या. त्या आतल्या बाजूला होत्या. पट्टीवर पाना लावायला एकही स्क्रू दिसेना. "सगळे आतनं हायेत," ते म्हणाले. मग दारावर चिकटवलेल्या कागदावरच्या कंपनीच्या नंबरला फोन लावून त्यांनी तो कस्तुराबाईंच्या हातात दिला आणि स्वतः पहार आणायला घरात गेले.

कंपनीच्या फोनवर आधी सनई वाजली. मग आवाज आला, मराठीसाठी दोन दाबा. कस्तुराबाईंनी दोन दाबलं. नव्या खरेदीसाठी एक दाबा, आमच्या नव्या योजनांसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा. पाच दाबलं. पुन्हा सनई. मग एक माणूस बोलला, मऊ आवाजात, कागद वाचल्यासारखा. "नमस्कार, आपली काय सेवा करू शकतो?"

"दार उगडा."

"मॅडम, आपण नोंदणीकृत मोबाइलवरून बोलत नाही आहात. आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर आम्ही एक ओटीपी पाठवला आहे, तो सांगाल का?"

"त्यो पोरीकडं गेला पुण्यात. मी दारात उबी हाय. माजा मालक आत हाय, त्येला उटता येत न्हाय, कुकरमधलं पाणी आटायलंय. दार उगडा."

"मॅडम, आपली अडचण मी समजू शकतो. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव..."

"कुणाच्या सुरक्षेच्या? मी चोर हाय का?"

"तसं नाही मॅडम. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आमचा प्रतिनिधी अठ्ठेचाळीस तासांत आपल्याशी संपर्क साधेल."

चौथी शिट्टी झाली. ती आधीच्यांसारखी भरलेली नव्हती, फुसफुसत आली. कस्तुराबाई तो कुकर एकोणीस वर्षं वापरत होत्या. आत पाणी किती उरलंय ते त्यांना आवाजावरून कळलं. त्यांनी फोन तसाच कट्ट्यावर ठेवला आणि खिडकीकडं धावल्या.

खिडकीला लोखंडी गज होते. आत खाटेवर बिरप्पा डाव्या कोपरावर जोर देऊन अर्धे उठलेले. डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडं.

"अवं, ऐकायलाव का? दार उगडंना झालंय. तुमालाच उटावं लागतंय. गॅस बंद करा. जमंल तुमाला. ती खुर्ची धरा, लाल, तिला पुडं ढकलत जावा."

झटका आल्यापासून बिरप्पा एकटे कधी चालले नव्हते. एका बाजूला कस्तुराबाई, दुसऱ्या बाजूला भिंत, असं मोरीपर्यंत जाऊन यायचे. त्यांनी डावा पाय खाली सोडला.

आणि कोपऱ्यातल्या टॉवेलखालून सोनालीचा आवाज घुमला, "बाबा! उठू नका! पडाल! आहात तिथंच थांबा!"

बिरप्पा थबकले. टॉवेलकडं बघायला लागले.

"उटा म्हणते मी!" कस्तुराबाई गजातून ओरडल्या.

"बाबा, प्लीज, हलू नका, पासष्ट टक्के झालंय!"

"सोने, तुझं ते डबडं आदी बंद कर! त्येला तितं जाळतीस का?"

"आई, ते पडले तर? डोकं आपटलं तर?"

"आन् कुकर फुटला तर? तुझी टक्केवारी येती का विजवायला?"

बिरप्पा एकदा खिडकीकडं, एकदा टॉवेलकडं बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. मग घशातून काहीतरी जोरात बाहेर पडलं, आणि दाराच्या फटीत पहार शिरेना म्हणून खिडकीपाशी आलेले चन्नप्पा जाग्यावर थांबले.

"गप... बसा... दोगी."

चार महिन्यांत त्यांनी एका दमात तीन शब्द जोडले नव्हते. कस्तुराबाई गप्प झाल्या. टॉवेलखालचा आवाजही बंद पडला.

बिरप्पांनी डाव्या हातानं लाल खुर्चीची पाठ धरली. एकदा उठायचा प्रयत्न फसला, परत खाटेवर बसले. दुसऱ्यांदा उठले. खुर्ची वीतभर पुढं, मग डावा पाय, मग उजवा ओढत. मधे थांबले, श्वास घेतला. कस्तुराबाईंच्या तोंडात "हळू, हळू" येत होतं, पण त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. खोली सगळी आठ पावलांची. त्या आठ पावलांना किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही, पण मागं हौद भरून पाणी गल्लीतनं वाहायला लागलं होतं आणि वळून बघायची कुणाची छाती नव्हती. बिरप्पा स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले आणि दिसेनासे झाले.

आता फक्त ऐकायचं होतं. कुकरचा फुसफुसाट. खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज. एक भांडं खाली पडलं, गडगडत गेलं. कस्तुराबाईंनी डोळे मिटले.

मग गॅसचं बटण फिरल्याची 'टक' आली आणि फुसफुसाट बसत बसत थांबला.

"केलं," चन्नप्पा हळूच म्हणाले. "बंद केलं की, अक्का."

त्यानंतर पाचेक मिनिटांनी कुलपाचा निळा दिवा थांबला, हिरवा झाला, आणि गोड आवाजातली बाई काहीतरी आनंदानं बोलली. कस्तुराबाईंनी कार्ड टेकवलं. दार उघडलं. बिरप्पा स्वयंपाकघरात लाल खुर्चीवरच बसले होते, घामानं भिजलेले, डावा हात ओट्यावर. कुकरच्या बुडातून करपल्याचा वास येत होता. कस्तुराबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाल्या, "डाळ लागली."

बिरप्पांनी मान हलवली.

सोनाली रविवारी सकाळी आली. आल्या आल्या बापाला बिलगली, मग आईकडं वळली आणि दोघींचं जे व्हायचं ते झालंच. "मी काय मुद्दाम केलं का? मी तिथं, तुम्ही इथं. रात्रंदिवस मन तुमच्यापाशी असतं माझं. मी काय करू, सांग ना! नोकरी सोडून येऊ?"

"नोकरी सोड म्हटलं का मी?" कस्तुराबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "तू वस्तू पाठिवतीस, मला इचारत न्हाईस. घड्याळ पाठिवलं, इचारलं न्हाय. डबा पाठिवला, इचारलं न्हाय. हितं राहतं कोण? मी. तू आन् ते कुलूप आपसात बोलून ठरिवता, आन् मी भायेर उनात उबी."

सोनाली परातीच्या पलीकडं येऊन बसली. "मग काय काय काढू?"

"कुलूप. आजच."

चन्नप्पांनी दुपारी कुलूप काढलं. आतल्या बाजूचे चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. महेश्वरनं काढलेली जुनी कडी आणि कोयंडा कस्तुराबाईंनी टाकले नव्हते, ते परत बसले. सोनालीनं कंपनीला चार ठिकाणी लिहिलं. दरवेळी पोच आली की आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. कस्तुराबाई म्हणाल्या, पत्ता काढ, मी कुलूप पिशवीत घालून जाते आणि त्यांच्या टेबलावर ठेवते. सोनालीनं शोध शोध शोधलं. कंपनीला पत्ता होता तो बंगळुरूचा, आणि तिथंही माणूस नाही, एका गाळ्यात नुसती टपालाची पेटी, म्हणे. कस्तुराबाईंना कुलूप बिघडल्यापेक्षा या गोष्टीचा संताप जास्त आला. भांडायचं तरी कुणाशी, एवढंही या लोकांनी ठेवलं नव्हतं.

कॅमेरा मात्र राहिला. तो काढावा असं त्यांना वाटत होतं, पण त्या दिवशी टॉवेल नसता तर सोनालीनं बापाला बघितलं असतं आणि कदाचित आरडाओरडाही केला नसता, हे त्या विसरू शकत नव्हत्या. बघण्याआधी फोन करून विचारायचं, या अटीवर तो राहिला. सोनाली बहुतेक वेळा विचारते. कधीकधी विसरते, मग दोघींचं दोन दिवस बोलणं बंद.

बिरप्पा आता रोज सकाळ-संध्याकाळ खुर्ची ढकलत ओट्यापर्यंत जाऊन येतात. व्यायाम शिकवणारे डॉक्टर म्हणाले, हे आधीच सुरू करायला हवं होतं. कस्तुराबाईंना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण त्या म्हणाल्या, "मग आदी का न्हाय सांगितलं?"

ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. कस्तुराबाईंचा नंबर सोनालीनं तक्रारीत लिहिला होता. पलीकडं एक मुलगी होती. "मॅडम, आपल्या स्मार्ट लॉकच्या अनुभवाला एक ते पाचमधले किती गुण द्याल?"

कस्तुराबाईंच्या हातावर थापलेली भाकरी होती. त्यांनी ती तव्यावर टाकली. "बाळ, नाव काय तुजं?"

मुलगी गडबडली. "अं... अंकिता."

"कुटली तू?"

"नातेपुत्याची." आणि आवाज बदलला, कागदावरून उतरला. "हितं पुण्यात असती, मावशी."

"मग नीट ऐक. मी एक देते."

"मावशी, एक दिलं की मला कारण लिहावं लागतंय. दोन द्या की."

"लिही की. मी सांगते, तू लिही." आणि कस्तुराबाईंनी सांगायला सुरुवात केली. पाण्याचा दिवस, वीट, निळा दिवा, सनई, पाच दाबा. अंकिता मधेमधे "व्हय", "आगं बया" म्हणत होती. कुकरच्या चौथ्या शिट्टीला तिनं विचारलं, "मग काका उटले का?"

"सांगते, थांब. हितली भाकरी करपंल."

त्यांनी भाकरी उलटली, फुगेपर्यंत बोटानं फिरवली, टोपलीत टाकली आणि फोन परत कानाला लावला. पलीकडून टूं टूं टूं येत होतं. एका फोनला तीन मिनिटंच मिळतात, हे त्यांना सोनालीनं नंतर सांगितलं.

"तीन मिंटात कुणाचं काय ऐकून हुतं?" कस्तुराबाई म्हणाल्या, आणि पुढच्या भाकरीचं पीठ त्यांनी इतक्या जोरात रगडलं की परात दोन बोटं सरकली.